भुताची फिर्याद

दूरचित्रवाणीवर भुताखेतांची एखादी मालिका सुरू झाली कीं सुशिक्षित कुटुंबांत तिच्याविषयीं तीन प्रकारचीं मतें हटकून ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, असल्या कथांनीं अंधश्रद्धा वाढते, सबब त्या दाखवूंच नयेत. दुसरें मत असें कीं, ही भीति आपली नव्हे; परक्या देशांतलें भूत धोतर नेसवून आपल्या वाड्यांत आणून उभें केलेलें आहे. तिसरें मत रसिकाचें. त्याला भुताचें वावडें नसतें. त्याची तक्रार एवढीच कीं, शेवटीं उकल नीट झाली नाहीं, अथवा उकल झाली आणि सारी मजा गेली. आमच्या नौपाड्यांत सकाळीं गोखले रस्त्यावरून फिरावयास निघावें, तों आदल्या रात्रीच्या भागावर बोलणाऱ्या एकाच घोळक्यांत हीं तिन्ही मतें शेजारीं शेजारीं नांदतांना आढळतात.

ह्या मतांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट, तीं फार जुनीं आहेत, दूरचित्रवाणीच्या जन्मापूर्वीं दीडशेंहून अधिक वर्षें तीं याच शब्दांत मांडलीं जात होतीं, हेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे. मात्र ह्या तिघांकडूनही एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो, आणि आमच्या मतें तोच मुख्य प्रश्न आहे. भूत खरें कीं खोटें, देशी कीं परदेशी, हें मागाहून पाहतां येईल. आधीं तें भूत आलें आहे कशासाठीं? त्याची फिर्याद काय, ती कोणावर आहे, आणि कथा संपतांना ती कोणी ऐकून घेतली कीं नाहीं?

ज्या वाङ्मयप्रकाराला इंग्रजींत ‘गॉथिक’ म्हणतात, ज्यांत पडका किल्ला, भुयारें, कोंडलेली स्त्री आणि घराण्याचें जुनें पाप हीं सामग्री असते, त्याचा आरंभ बहुतेक इतिहासकार होरेस वॉल्पोल ह्याच्या ‘कॅसल ऑफ ओट्रॅंटो’ ह्या कादंबरीपासून धरतात. ती १७६४ सालच्या डिसेंबरांत बाहेर पडली. वॉल्पोल हा एका मुख्य प्रधानाचा मुलगा, स्वतः पार्लमेंटाचा सभासद. भुतांची गोष्ट लिहिल्याबद्दल लोक हंसतील ह्या धास्तीनें त्यानें आपलें नांव लपविलें, आणि एका जुन्या इटालियन ग्रंथाचें हें भाषांतर आहे अशी बतावणी केली. अडाणी काळचें पुस्तक म्हणून टीकाकारांनीं तें गोड मानून घेतलें. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या आवृत्तींत त्यानें कर्तृत्व कबूल केलें मात्र, आणि तेच टीकाकार निराळ्या नजरेनें पाहूं लागले. ‘मंथली रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकानें आधींची स्तुति परत घेतली. सुधारलेल्या युगांतल्या माणसानें रानटी काळच्या भ्रमांना पुन्हा जीव द्यावा, हें त्यास रुचलें नाहीं. गोष्ट तीच होती. ती कोणीं व केव्हां लिहिली एवढेंच काय तें नवें कळलें होतें. आमच्या पहिल्या दोन मतांचें बीज येथें सांपडतें.

आतां ह्या कथेंतलें भूत काय करतें तें पहा. मॅनफ्रेड नांवाचा राजा ओट्रॅंटोच्या गादीवर बसला आहे. पण त्याच्या आजानें खऱ्या धन्यास विष देऊन आणि खोटें मृत्युपत्र पुढें करून ती गादी बळकाविलेली आहे. मॅनफ्रेडच्या मुलाच्या लग्नाच्याच दिवशीं एक अजस्र शिरस्त्राण अचानक कोसळतें व नवरामुलगा त्याखालीं चिरडला जातो. अखेरीस मेलेल्या धन्याचें प्रचंड रूप किल्ल्याच्या भिंती पाडून प्रकट होतें आणि खऱ्या वारसाचें नांव उच्चारून नाहींसें होतें. मराठींत सांगावयाचें तर हा सरळ सरळ भाऊबंदकीचा दावा आहे. फरक इतकाच कीं, फिर्यादी मयत आहे.

तीस वर्षांनीं, १७९४ सालीं, ॲन रॅडक्लिफ ह्या बाईंनीं ‘मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ ह्या कादंबरींत एक तडजोड काढली. वाचकाला मनसोक्त भिववावयाचें, पण ग्रंथ संपण्यापूर्वीं प्रत्येक चमत्काराचा कार्यकारणभाव सांगून टाकावयाचा. काळ्या पडद्यामागें जें पाहून नायिका एमिली मूर्च्छित पडते, तें शेवटीं मेणाची आकृति निघते. सर वॉल्टर स्कॉटनें बाईंच्या प्रतिभेचा गौरव केला, पण ह्या खुलाशांनीं वाचकाचा विरस होतो अशी कुरकुरही केली. आमच्या तिसऱ्या मताचा हा मूळ पुरुष. तथापि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. भूत मेणाचें ठरलें तरी खलपुरुष मोंटोनी कांहीं मेणाचा ठरत नाहीं. बायकोनें आपली मिळकत आपल्या नांवें करून द्यावी म्हणून तो तिला कोंडून ठेवतो. ती मरते तेव्हां तीच सही एमिलीकडून मिळविण्यासाठीं धाक घालतो. सारीं पिशाच्चें खोटीं निघालीं. सही मागणारा हात तेवढा खरा निघाला. उकलीनें भूत नाहींसें केलें, पण फिर्याद नाहींशी केली नाहीं. उत्तम उकलीची हीच कसोटी होय.

हा प्रवाह महाराष्ट्रांत दोन वाटांनीं आला. एक वाट प्रतिष्ठेची, शेक्सपीअरची. दुसरी बाजाराची, रेनॉल्ड्सची. पहिलीचा उल्लेख येथें अप्रस्तुत नाहीं, कारण खुद्द वॉल्पोलनेंच आपल्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत शेक्सपीअरचा आधार घेतला होता. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांतल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यामुळें टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस होते. त्या तुरुंगवासांत आगरकरांनीं ‘हॅम्लेट’च्या भाषांतरास हात घातला, आणि १८८३ सालीं तें ‘विकारविलसित’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. पुढें शाहूनगरवासी नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें, व गणपतराव जोशी ह्यांच्या भूमिकेनें तें महाराष्ट्रभर गाजलें.

क्षणभर थांबून ह्या गोष्टीचा विचार करावा. पुढें १८८८ सालीं ‘सुधारक’ काढून रूढींवर आसूड ओढणारा, सर्व गोष्टी बुद्धीच्या कसाला लावून पाहणारा हा पुरुष. त्यानेंच मराठी रंगभूमीला तिचें सर्वांत नामांकित भूत दिलें! पुष्कळांना ही विसंगति वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. हॅम्लेटच्या बापाचें भूत कोणाच्या अंगांत येत नाहीं, नारळ मागत नाहीं, नवस बोलवीत नाहीं. तें एवढेंच सांगतें कीं, माझा खून झाला आहे, खुनी सिंहासनावर बसला आहे, आणि दरबार आनंदांत आहे. जिवंत माणसांपैकीं कोणी बोलावयास तयार नसतें तेव्हां मेलेल्याला बोलावें लागतें. आगरकरांनीं नाटकाला दिलेलें नांवही बोलकें आहे: हा विकारांचा खेळ आहे, पिशाच्चांचा नव्हे. बुद्धिवादी मनुष्य अशा भुताला भीत नाहीं. त्याची साक्ष नोंदवून घेतो.

दुसरी वाट रेनॉल्ड्सची. जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हा लंडनच्या सामान्य वाचकांसाठीं आठवड्यास एक पेनी किंमतीच्या अंकांतून लांबच लांब कादंबऱ्या लिहीत असे. खानदानी वाड्यांतलीं रहस्यें, तळघरें, वेषांतरें हा त्याचा माल. ‘वॅग्नर द वेअरवुल्फ’ (१८४६–४७) ह्या कादंबरींत तर लांडगा होणारा मनुष्यच नायक आहे. इंग्लंडांतल्या प्रतिष्ठितांनीं त्याला दूर ठेवलें; आमच्याकडे इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनीं त्याचीं पारायणें केलीं. अद्भुताची गोडी येथें आधींपासून होतीच. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली होती. हरि नारायण आपटे ह्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच एका कादंबरीच्या आधारानें लिहिलेली आहे. म्हणजे ज्यांना आपण मराठी सामाजिक कादंबरीचे जनक मानतों, त्यांनींही कादंबरीचें कसब आधीं ह्या बाजारी गुरूपाशीं गिरविलें. घरांत झांकून ठेवलेलें दुःख उघड्यावर कसें आणावें हें रहस्यकथेकडून शिकून मग त्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली, तींत भूत नाहीं, फिर्याद मात्र पुरी आहे.

ठाण्यास १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे ह्यांच्यासारख्यांनीं त्यासाठीं खस्ता खाल्ल्या. ज्या गांवांत इतक्या लवकर मराठी पुस्तकें जमवून ठेवण्याची बुद्धि झाली, त्या गांवच्या कुटुंबांना अद्भुत कथेची चव कांहीं दूरचित्रवाणीनें लावलेली नाहीं. मुंबई केंद्राचें प्रक्षेपण १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झालें, त्यापूर्वीं तीन पिढ्या हें खाद्य वाचनालयांतून घरीं येत होतें. नवें आलें तें इतकेंच कीं, पूर्वीं जो ग्रंथ एकेकट्यानें कंदिलाच्या उजेडांत वाचावयाचा, तो आतां आजीपासून नातवापर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहावयाचा, आणि पाहतां पाहतां त्यावर मत द्यावयाचें. पेनीच्या अंकाची जागा रोजच्या भागानें घेतली. अंक खपावा म्हणून रेनॉल्ड्स जसा उकल पुढें ढकलीत असे, तशीच मालिकाही ढकलते. उकलीविषयींच्या तक्रारींचा निम्मा भाग ह्या व्यापारी कारणांतून उपजतो.

पडद्यावर मराठींत ही परंपरा ठळकपणें दिसली ती १९७६ सालीं, वसंत जोगळेकर ह्यांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ ह्या चित्रपटांत. रॅडक्लिफबाईंप्रमाणेंच येथेंही भुताटकीच्या मागें माणसांचेंच कारस्थान निघतें. त्यांतल्या सुधीर मोघे ह्यांच्या गीताचे आरंभींचे शब्द चाळीस वर्षांनीं एका मालिकेचें नांव झाले. तिच्याकडे आम्ही लवकरच येतों. त्याआधीं नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ‘परकें भूत’ हा आक्षेप त्यांच्याइतका दुसऱ्या कोणावर आला नसेल.

धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी अमेरिकन लेखक स्टीव्हन किंग ह्याच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) हिच्यावरून घेतलेली आहे. आणि किंगची ती कादंबरी स्वतः ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून (१८९७) सुचलेली. किंगचीच एक कथा आहे, ‘ग्रॅमा’. मरणोन्मुख, चेटकीण आजीबरोबर घरांत एकटा राहिलेला एक मुलगा, एवढीच तिची चौकट. ती १९८४ सालीं छापली गेली आणि १९८६ सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘ट्वायलाइट झोन’ ह्या मालिकेचा एक भाग म्हणून दाखविली गेली. तिचीच छाया धारपांच्या ‘आजी’ ह्या कथेवर आहे, आणि ‘आजी’ची छाया राही अनिल बर्वे ह्यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) ह्या हिंदी चित्रपटावर. अशी ही आजी तीन घरें फिरून कोकणांतल्या वाड्यांत आली.

आतां तिला परकी म्हणावें कीं आपली? आमचें उत्तर असें कीं, भुताचें कूळ पाहूं नये, त्याची फिर्याद पाहावी. ‘तुंबाड’मधली आजी कोंडलेली आहे ती पुरलेल्या सोन्याच्या पायीं; वाडा ओस पडतो तो हांवेपायीं; बापाची हांव मुलाला शिकविली जाते, आणि शेवटीं मुलगाच तें सोनें नाकारतो. ज्या मातींत वाडे, वतनें आणि पुरलेल्या हंड्यांच्या दंतकथा पिढ्यान् पिढ्या घोळल्या, तेथें ही फिर्याद परकी कशी होईल? पहिल्या प्रदर्शनाच्या वेळीं हा चित्रपट बेताचाच चालला; २०२४ सालच्या सप्टेंबरांत पुन्हा लागला तेव्हां पहिल्याहून अधिक लोकांनीं पैसे मोजून तो पाहिला. उसनें बियाणें आपल्या जमिनींत रुजलें कीं नाहीं, ह्याचा निवाडा प्रेक्षक असा सावकाश देतो. धारपांच्या ‘ग्रहण’ ह्या कादंबरीवरूनही २०१८ सालीं मालिका झाली. धारपांच्या कित्येक कथांत मात्र संकट बाहेरून येतें आणि समर्थांसारखा शक्तिमान् पुरुष त्याचें निवारण करतो. वाचनाचा वेग तेथें विलक्षण असतो. पण संकट बाहेरचें असल्यामुळें घरांतल्या कोणालाच जबाब द्यावा लागत नाहीं, हें त्यांचें उणें.

आतां ‘रात्रीस खेळ चाले’. ही मालिका २०१६ सालच्या फेब्रुवारींत सुरू झाली. सिंधुदुर्गांतलें नाईकांचें घर, अण्णा नाईकांचा मृत्यु, त्यासाठीं गोळा झालेलीं मुलें-सुना, आणि घरांत पसरत जाणारा संशय, असा तिचा घाट. मालवणी बोली एवढ्या ठसक्यानें दूरचित्रवाणीवर क्वचितच ऐकूं आली असेल, म्हणून लोक खूष झाले. त्याचबरोबर दोन आक्षेपही ताबडतोब निघाले: कोकणची बदनामी होते, आणि अंधश्रद्धा फैलावते.

ह्यांपैकीं दुसरा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा मुळींच नाहीं. त्याच्या आधीं तीनच वर्षांपूर्वीं, २० ऑगस्ट २०१३ रोजीं, अंधश्रद्धेविरुद्ध जन्मभर झटलेले डॉक्टर नरेंद्र दाभोलकर ह्यांचा पुण्यांत गोळ्या घालून खून झाला होता. त्यानंतर कांहीं दिवसांतच वटहुकूम निघाला, व त्याच वर्षीं डिसेंबरांत विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या निमित्तानें माणसाला दोरानें अगर साखळीनें बांधणें, मारहाण करणें, चटके देणें हा त्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. असा कायदा करावा लागतो ह्याचा अर्थ काय तो वाचकांनीं समजून घ्यावा. प्रत्यक्ष व्यवहारांत ज्याला भूत लागलें असें ठरतें तो बहुधा घरांतला दुबळा जीव असतो. सून आजारी आहे, खचली आहे, कांहीं सांगूं पाहते. तिला ‘बाहेरचें’ झालें म्हटलें कीं तिचें बोलणें ऐकण्याची जरूरी उरत नाहीं.

येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. प्रत्यक्षांतलें भूत फिर्याद दडपतें. उत्तम कथेंतलें भूत फिर्याद मांडतें. दोघांचें नांव एक असलें तरी काम अगदीं उलट आहे. म्हणून ‘भूत दाखवूं नका’ हा आग्रह आम्हांस मान्य नाहीं. तो धरला तर ‘विकारविलसित’ही बंद करावें लागेल. पण ‘ही करमणूक आहे, फार खोल पाहूं नका’ हें समर्थनही तितकेंच लटकें आहे. ज्या भागांत दुबळ्या माणसावर भुताचा आळ येतो आणि मांत्रिकाच्या हातून तो निवारला जातो, तो भाग अंधश्रद्धाच पसरवितो, मग अखेरीस दहा मिनिटांची शास्त्रीय उकल जोडलेली असो वा नसो. आणि ज्या भागांत मेलेली स्त्री आपल्यावरच्या अन्यायाचा हिशेब मागते, त्यांत उकल मुळींच नसली तरी तो प्रेक्षकाला शहाणें करून सोडतो.

ह्या मालिकेचा दुसरा खंड २०१९ सालीं आला. त्यांत कथा मागें नेऊन अण्णा नाईकांची हयात दाखविली: जमीनदारी, जुलूम, शेवंतेशीं संबंध आणि तिचा शेवट. प्रेक्षकांना हा खंड विशेष आवडला. आम्हांस ही आवड अर्थपूर्ण वाटते. पहिल्या खंडांत जी भुताची भीति होती, तिच्यामागचें माणसाचें पाप आतां उजेडांत येऊं लागलें, आणि प्रेक्षकाला तेंच पाहावयाचें होतें. परंतु ह्याच आवडीला एक कीड लागली. पाहतां पाहतां अण्णा लोकांचे लाडके झाले. त्यांच्या अरेरावीचे संवाद लोक कौतुकानें म्हणूं लागले. शेवंतेच्या रूपाची जितकी चर्चा झाली तितकी तिच्या फिर्यादीची झाली नाहीं. आरोपी आवडूं लागला म्हणजे पंचांनीं सावध व्हावें. तसें फारसें कोणी झालें नाहीं, आणि नेमकी हीच गोष्ट आमच्या तिन्ही मतांपैकीं एकाच्याही दृष्टीस पडली नाहीं.

हें सारें दूरच्या वाड्यांतलें आहे, नौपाड्याचा त्याशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. नौपाड्यांतलीं कौलारू बैठीं घरें आणि वाड्या जाऊन त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. भुताला लपावयास येथें माळा उरला नाहीं, हें खरें. पण जुनें घर पाडतांना कागद होतात, आणि कागदांवर सह्या लागतात. महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सबंध देशांत २००५ सालीं कायद्यानें मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत मुलासारखा हक्क दिला. तेव्हांपासून सुशिक्षित कुटुंबांत ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द फार परिचयाचा झाला आहे. बहिणीनें आपण होऊन हक्क सोडला तर त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. पण माहेर तुटेल ह्या भीतीनें, आईच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे पाहून, चहाचा पेला पुढें सरकविला जात असतां जी सही होते, ती मोंटोनीनें मागितलेल्या सहीहून निराळी कशी, हें आम्हांस कोणी सांगेल काय? येथें कोणाला तळघरांत कोंडीत नाहींत. फक्त कोणी कांहीं विचारीत नाहीं.

गॉथिक कथेचा जन्म झाला तो खोट्या मृत्युपत्रांतून. अडीचशें वर्षें ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आली आहे: घरांत गिळलेली वस्तु घरांतच वर येते. ही भीति अंधश्रद्धा नव्हे. ती सदसद्विवेकबुद्धीची जुनी, थोडी ओबडधोबड भाषा आहे. तेव्हां रात्रीचा भाग संपल्यावर सर्व कुटुंब एकत्र बसलेलें असेल, तर पात्रांचा अभिनय आणि पार्श्वसंगीत ह्यांवर बोलून झाल्यानंतर घरांतल्या वडील माणसानें एक प्रश्न अवश्य टाकावा: आज ह्या भुताची फिर्याद काय होती, आणि तसली एखादी आपल्या घरांत पडून तर नाहीं ना? तिचा निकाल आधीं लावावा. मग भूत खरें कीं खोटें हा वाद खुशाल रात्रभर चालूं द्यावा.